‘तुला मी नकोय, घर हवंय’

आलेलं पत्र:

ताई, मी 26 वर्षांचा आहे. शिकायला म्हणून परदेशात आलो, अभ्यासक्रम संपला, नोकरीही लागली. येऊन सव्वा वर्ष होत आलं. चौघांनी मिळून एक फ्लॅट भाड्याने घेतलाय, त्यात ती एक. आपलीच भाषा बोलणारी. पहिल्या हिवाळ्यात मी तापाने फणफणलो होतो तेव्हा ती रात्रभर दर दोन तासांनी येऊन ताप बघत होती. दिवसभर ऑफिसात परक्या भाषेत बोलून घरी आलो आणि तिच्याशी चार शब्द बोललो की जीव भांड्यात पडतो. माझं प्रत्येक रडगाणं ती ऐकून घेते. घरच्यांचा फोन झाला की मात्र ती खाली तळघरात, कपडे धुवायच्या खोलीत जाऊन बसते. मशीन थांबलं तरी वर येत नाही. मी वाट बघत बसतो.

गेल्या महिन्यात मी तिला लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, “तुला मी नकोय, तुला घर हवंय.” नाही म्हणाली नाही, हो पण म्हणाली नाही. थोडे दिवस जाऊ देत म्हणाली. पण तिच्या राहण्याच्या परवान्याची मुदत पाच महिन्यांत संपतेय. तोवर नोकरी लागली नाही तर तिला परत जावं लागेल. माझ्याशी लग्न केलं तर जोडीदार म्हणून राहता येईल. हे मी सुचवलं तर ती इतकी चिडली की दोन दिवस बोलली नाही.

ती म्हणते ते खरं आहे का? हे प्रेम आहे की नुसता एकटेपणा? आणि घरी काय सांगू? आई रोज विचारते, ‘बरा आहेस ना?’ मी रोज सांगतो, ‘एकदम मजेत.’
— अधांतरी

प्रिय मित्रा,

तिचं म्हणणं अर्धं खरं आहे. तुला घर हवंय, यात शंका नाही. पण त्यावरून तुला ती नकोय असं सिद्ध होत नाही. घराची ओढ आणि एखाद्या माणसावरचं प्रेम एकाच मनात, एकाच वेळी राहू शकतं. त्यामुळे तुझं प्रेम खोटं आहे का, याची चिंता मला फारशी वाटत नाही. चिंता वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, तिच्याकडे येतेच. आधी या ओढीबद्दल बोलू, कारण तिची तुला लाज वाटतेय असं पत्रभर जाणवतं. ‘नुसता एकटेपणा’ असं लिहिलंयस, जणू तो एखादा किरकोळ आजार आहे.

तो किरकोळ नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने 1688 साली आपला प्रबंधच या विषयावर लिहिला. तेव्हा तो स्वतः जेमतेम 19 वर्षांचा होता. घरापासून दूर राहणारी तरुण मुलं झुरतात, खात नाहीत, झोपत नाहीत, तापाने अंथरूण धरतात, हे त्याने आजार म्हणून नोंदवलं. त्यात बर्नहून बाझेलला शिकायला आलेल्या एका मुलाची हकिगत आहे. तो इतका खंगला होता की वाचेल अशी आशा उरली नव्हती. शेवटी त्याला घरी पाठवायचं ठरलं आणि गाव सोडून थोडं अंतर जाताच त्याला बरं वाटू लागलं. बर्न आणि बाझेल यांच्यात 100 किलोमीटरही अंतर नाही. तू तर त्याच्या कितीतरी पट लांब आहेस.

दुसरी एक गोष्ट तुझ्या सव्वा वर्षाशी थेट जोडलेली आहे. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी 1955 साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या सुमारे 200 नॉर्वेजियन लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांच्या आत परतलेले लोक बऱ्यापैकी रुळलेले होते, दीड वर्षाहून जास्त राहिलेलेही रुळलेले होते. सगळ्यात उखडलेले होते ते सहा ते अठरा महिने राहिलेले. पुढच्या काळात इतर संशोधकांना सगळीकडे असंच चित्र दिसलं नाही, तेव्हा अठरावा महिना उजाडला की सगळं आपोआप ठीक होईल असं समजू नकोस. पण नव्याची नवलाई ओसरलेली आणि मुळं अजून धरलेली नाहीत, असा एक मधला काळ असतो, हे मला आलेल्या पत्रांतूनही वारंवार दिसतं. तू नेमका त्या काळात आहेस आणि त्याच काळात तू तिला लग्नाचं विचारलंस. तिने जे ओळखलं ते बहुधा हेच.

ती ज्याला घाबरतेय त्यावर एक प्रसिद्ध प्रयोगही झालेला आहे. कॅनडात व्हँकूवरजवळ कॅपिलानो दरीवर एक झुलता पूल आहे, पाय ठेवला की हलणारा, खाली खोल दरी. डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन यांनी 1974 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या पुलावरून जाणाऱ्या तरुणांना एक तरुणी भेटायची, काही प्रश्न विचारायची आणि आपला फोन नंबर द्यायची. जवळच्याच एका भक्कम, बुटक्या पुलावरही तिने हेच केलं. झुलत्या पुलावर भेटलेल्यांपैकी बऱ्याच जास्त जणांनी तिला नंतर फोन केला. छाती धडधडत होती ती दरीमुळे, पण त्यांना वाटलं समोरच्या मुलीमुळे. परका देश, पहिला हिवाळा, अंगात ताप, आणि दारात ती. तूही तेव्हा झुलत्या पुलावरच होतास.

म्हणून तुझी भावना रद्द होते का? मला तसं वाटत नाही. त्या प्रयोगातल्या मुलांची त्या तरुणीशी काही मिनिटांची ओळख होती. तू तिच्यासोबत एका छताखाली राहतोस. ती थकलेली, चिडलेली, गप्प असताना तू तिला पाहिलं आहेस आणि तरीही तुला ती हवी आहे. संकटात जुळलेली नाती संकट सरल्यावर तुटतातच असं काही नाही. फक्त ती जमीन स्थिर झाल्यावर पुन्हा एकदा पाहावी लागतात, आणि तुझी जमीन अजून स्थिर झालेली नाही.

ती स्थिर करणं हे मात्र तिचं काम नाही. पत्रातली मला खटकलेली पहिली गोष्ट ही. रॉबर्ट वाइस नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी 1973 साली एकटेपणावर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की एकटेपणा दोन प्रकारचा असतो. एक, आपलं असं एकही जिवाभावाचं माणूस नसण्याचा. दुसरा, आपण ज्यात मोजले जातो असा गोतावळा नसण्याचा. आणि या दोन्हींची भरपाई एकमेकांतून होत नाही. बॉस्टन भागात नव्याने राहायला आलेल्या जोडप्यांचं त्यांनी निरीक्षण केलं होतं. त्यातल्या बायकांचे संसार सुखाचे होते, नवऱ्याशी जवळीक होती, तरीही त्या आतून पोखरल्यासारख्या झाल्या होत्या, कारण त्या शहरात त्यांना ओळखणारं, त्यांच्या गप्पांत रस असणारं कुणी नव्हतं. नवऱ्याचं प्रेम ती जागा भरू शकत नव्हतं.

आता स्वतःकडे बघ. तू मागे काय सोडून आलास? न विचारता ज्यांच्या दारात जाऊन उभं राहता येतं असे मित्र. चार जणांत बसल्यावर तुझ्या बोलण्यावर हसणारी माणसं. तू कोण, कसा, कुणाचा, हे सांगावं न लागणं. ऑफिसात तू कामापुरतं बोलत असशील, विनोद सुचला तरी तो त्या भाषेत जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असेल. दिवसभर तू तुझ्यापेक्षा थोडा कमी हुशार, थोडा कमी गमतीशीर माणूस असतोस. संध्याकाळी तिच्यासमोर तू पुन्हा अख्खा होतोस. हे सुख मोठं आहे, मी ते हलकं लेखत नाही. पण अख्खा गोतावळा, अख्खी भाषा आणि अख्खं बालपण एका मुलीकडून मागायचं म्हणजे तिने किती जणांच्या जागी उभं राहायचं? आणि एवढं करून ती जागा भरणार नाहीच. उद्या लग्न होईल, तरी तुझं काहीतरी दुखत राहील आणि तुला वाटेल, हिचंच कुठेतरी कमी पडतंय. तिला बहुतेक याचीच भीती आहे. दुधाची तहान ताकावर भागवायला निघालेल्या माणसाच्या हातातलं ताक व्हायला कुणाला आवडेल?

दुसरी गोष्ट यापेक्षा गंभीर आहे. तुझं पत्र मी पुन्हा वाचलं ते फक्त तिला शोधायला. ती ताप बघते. ती तुझं रडगाणं ऐकते. ती आपल्या भाषेत बोलते. ती तुझ्यासाठी काय काय करते याने पत्र भरलं आहे. तिला काय आवडतं, काय सलतं, ती इथे का आली, परत जावं लागलं तर ती कशाला मुकणार आहे, यातलं एक अक्षर नाही. एकच ओळ सापडली: घरचा फोन झाला की ती तळघरात जाऊन बसते आणि मशीन थांबलं तरी वर येत नाही. ही ओळ तू तुझ्या वाट बघण्याबद्दल लिहिलीस. मला त्यात एक मुलगी दिसते, जिला चौघांच्या फ्लॅटमध्ये रडायला जागा नाही.

अरे, तीही घर सोडूनच आली आहे. तुझी नोकरी लागली, तिची अजून लागलेली नाही. तुझ्यामागे मुदतीचा ससेमिरा नाही, तिच्यामागे आहे. घरच्यांना फोनवर तीही ‘मजेत’ म्हणत असेल आणि मग खाली जात असेल. ती तुझं घर झाली असेल, पण या सव्वा वर्षात तिला घरासारखं कुणी मिळालं का? तिच्या त्या वाक्यात तुझ्यावरच्या संशयाइतकंच हे गाऱ्हाणंही आहे असं मला वाटतं. ‘तुला मी नकोय’ याचा अर्थ, माझ्याकडे तू पाहिलेलंच नाहीस.

तेव्हा बघ. पण लगेच तिच्यामागे तळघरात जाऊ नकोस. कदाचित तेवढीच एक जागा तिला एकटीला मिळते, ती हिरावू नकोस. दुसऱ्या कुठल्यातरी दिवशी, बाहेर चालता चालता वगैरे, साधं विचार: “तुला इथे सगळ्यात जड काय जातं?” आणि मग गप्प बस. ती बोलायला लागली की ‘मला पण अगदी अस्संच होतं’ म्हणून विषय स्वतःकडे वळवू नकोस. दोघं एकाच दुःखातले असलो की हा मोह फार होतो, आणि त्याने समोरच्याचं बोलणं अर्ध्यावर संपतं. तिने काहीच सांगितलं नाही तर तेही ठीक. लग्नाचा विषय त्या दिवशी नको.

आता परवान्याबद्दल. ती का चिडली हे तुला कळलेलं नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. तुझ्या मनात मदतीची भावना होती हे मला मान्य आहे. पण तिला काय ऐकू आलं असेल? की तुझ्या नोकरी शोधण्यावर माझा भरवसा नाही, आणि अडचणीत आहेसच तर माझ्या मागणीला हो म्हण. जिने विचार करायला वेळ मागितला होता, तिच्यापुढे तू घड्याळ आणून ठेवलंस.

शिवाय जोडीदाराच्या परवान्यावर राहणं म्हणजे नक्की काय, याचा तू नीट विचार केलेला दिसत नाही. बहुतेक ठिकाणी अशा माणसाचं तिथलं राहणं दुसऱ्याच्या नोकरीला आणि त्या नात्याला बांधलेलं असतं. नोकरी गेली की दोघांचं गेलं. नातं मोडलं तर तिचं गेलं. काम करण्याची मुभा देशागणिक वेगळी. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराच्या जोडीदाराला नोकरी करता येते. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाच्या जोडीदाराला वर्षानुवर्षं काम करण्याची परवानगीच नव्हती. 2015 साली ती मिळाली, तीही सगळ्यांना नाही, ज्यांच्या जोडीदाराची ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोचली आहे अशांना. चांगल्या शिकलेल्या कितीतरी मुली त्या काळात घरात बसून राहिल्या. तू कुठल्या देशात आहेस ते लिहिलेलं नाहीस, तेव्हा तिथला नियम तूच शोध. आणि तिला सुचवायच्या आधी स्वतःला विचार, की हिचं इथलं अस्तित्व माझ्या नावावर टांगलेलं असेल, तेव्हा माझ्याशी भांडायला हिला मोकळेपणा राहील का? पहिल्याच वर्षी जिला भांडता येत नाही, तिचं प्रेम आहे की नाईलाज, हे तुलाही कधी कळणार नाही. मग हाच प्रश्न तू मला उलट्या बाजूने विचारशील.

लग्न आणि परवाना या दोन गोष्टी वेगळ्या कर, आणि तसं तिला सांग. “मी ते बोललो ते चुकलं. लग्नाचा विषय तू काढशील तेव्हाच निघेल. नोकरीसाठी मदत हवी असेल तर मी आहे, आणि त्याचा या विषयाशी काही संबंध नाही.” एवढंच. मग खरोखर मदत कर. तिचा अर्ज वाचून दे, मुलाखतीची तालीम घे, तुझ्या कंपनीत किंवा ओळखीत तिच्या विषयातलं कुणी असेल तर गाठ घालून दे. ती शिकली त्या विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी सल्ला देणारं कार्यालय असेलच. मुदतवाढीचे, दुसऱ्या परवान्यात बदलून घेण्याचे मार्ग तिथे किंवा परवान्यांचं काम करणाऱ्या वकिलाकडे कळतील. समाजमाध्यमांवरच्या ऐकीव सल्ल्यावर विसंबू नका, मुदत चुकली तर पुढची बरीच दारं बंद होतात. तिला नोकरी लागली आणि ती स्वतःच्या पायावर तिथे राहिली, तर तिचा होकार किंवा नकार निखळ तिचा असेल.

आणि नाही लागली, ती परत गेली, तर? मग अंतर येईल. अंतराने सगळं संपतंच असं नाही, अनेकांची नाती फोनवर टिकतात, वाढतातही. पण एक सांगून ठेवते. अमेरिकेत लॉरा स्टॅफर्ड आणि अँडी मेरोला यांनी लांब राहणाऱ्या प्रेमी जोडप्यांचा अभ्यास केला, त्यात पुन्हा एका गावात आलेल्या जोडप्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जोडपी तीन महिन्यांतच वेगळी झाली. फोनवर माणूस आपली बरी बाजू दाखवतो आणि उरलेली बाजू ऐकणारा आपल्या मनाने रंगवतो. तुम्हा दोघांची एक जमेची बाजू अशी, की एकमेकांचं रोजचं वागणं तुम्ही आधीच पाहिलेलं आहे.

या पाच महिन्यांत स्वतःसाठीही काहीतरी कर. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी, त्याच त्या माणसांमध्ये जाता येईल असं काहीही चालेल: खेळ, गाण्याचा गट, तिथल्या भाषेचा वर्ग, कुठलंही स्वयंसेवेचं काम. एकदा जाऊन ‘जमलं नाही’ म्हणू नकोस. ओळख व्हायला तीच माणसं पुन्हा पुन्हा दिसावी लागतात. त्यातून लगेच जिवलग मित्र मिळणार नाहीत, पण एखाद्या दिवशी तू आला नाहीस तर कुणीतरी ‘काल कुठे होतास?’ असं विचारेल. जुन्या एखाद्या मित्रालाही फोन लाव आणि त्याला खरं सांग. संध्याकाळच्या सगळ्या गोष्टी एकाच दारावर नेऊन टाकणं थांबलं, की तिच्याबद्दल तुला काय वाटतं ते तुझं तुलाच जास्त स्वच्छ दिसेल. कदाचित ओढ निवळेल. कदाचित अजून वाढेल. दोन्हीला तयार राहा.

तुम्ही एका घरात राहता, हे विसरू नकोस. तिला तुझ्यापासून दूर जायला जागा नाही. स्वयंपाकघरात रोज समोर येणारा चेहरा जर दरवेळी उत्तराची वाट बघत असेल, तर ते घर तिच्यासाठी कोंडवाडा होईल. फ्लॅटमधल्या बाकी दोघांना मध्यस्थ करू नकोस. आणि तिने नाही म्हटलं आणि ते तुला सोसवेना झालं, तर खोली तू बदल. तिच्यावर आधीच एक मुदत आहे, घर शोधायची दुसरी नको.

राहिला आईचा प्रश्न. या मुलीबद्दल आत्ता काही सांगू नकोस. तिने अजून हो म्हटलेलं नाही, तेव्हा ती बातमी तुझ्या एकट्याची नाही. पण ‘एकदम मजेत’ आता बंद कर. आईला सगळं रडून दाखवायचीही गरज नाही. ती विचारेल तेव्हा सांग, की काम ठीक चाललंय, तब्येत बरी आहे, पण इथे करमत नाही, माणसं नाहीत. ती थोडी काळजी करेल. करू दे, ती तशीही करतेच आहे, नाहीतर रोज विचारलं नसतं.

— तुझी ताई